दोन पॉइंट चार

आवाज चढा होता. पडद्याच्या अलीकडे स्टुलावर मी बसलो होतो. मांडीवर भाचीची पर्स आणि घडी न घातलेला स्वेटर, पायाशी तिच्या चपला. पलीकडे ती डाव्या कुशीवर झोपली होती आणि इकोचं मशीन तिच्या हृदयातलं रक्त ऐकवत होतं. खरोखरच ऐकवत होतं. मशीनच्या त्या भागाला डॉप्लर म्हणतात. रक्त जितक्या वेगाने धावतं तितका त्याचा सूर बारीक होत वर चढतो. चोवीस वर्षं मी त्या आवाजात काढली, याच खोलीत, पडद्याच्या त्या बाजूला. शिकायला येणाऱ्या मुलांना मी बजावायचो की कानावर भिस्त ठेवू नका, स्क्रीनवरची रेघ मोजा आणि मगच तोंड उघडा. त्या सकाळी मला स्क्रीन दिसत नव्हती आणि कान मिटता येत नव्हते. चांगल्या हृदयाचा त्या जागचा आवाज जड असतो, ओल्या फडक्याने फरशी पुसल्यासारखा. या आवाजात एक बारीक शिट्टी होती. दर ठोक्याला ती वर जायची आणि तुटायची. मी तिच्या चपलांकडे बघत राहिलो. उजवी चप्पल डावीपेक्षा जास्त झिजली होती, कारण डाव्या खुब्याच्या हाडाला तिचं रक्त नीट पोचत नाही आणि ती सगळा भार उजव्या पायावर टाकते. हे मला पाच वर्षांपासून ठाऊक होतं. तरी चपलेच्या त्या झिजेकडे मी असा बघत होतो की जणू ती वाचून झाल्याशिवाय मला मान वर करायची परवानगी नव्हती.

“श्वास सोडा. आता थांबा. थांबलात ना? हं.” आत मशीनवरची मुलगी म्हणाली. मग टक् असा आवाज. चित्र गोठवलं. मग बारीक टकटक, म्हणजे मोजणं. मग तिने प्रोब उचलून छातीवर दुसरीकडे ठेवला, आणि पुन्हा ती शिट्टी. मग बरगड्यांच्या खालून. मी मोजत होतो. तिसरं ठिकाण. चौथं. हिला मीच शिकवलेलं. सहा वर्षांपूर्वी आली तेव्हा ती इतके प्रश्न विचारायची की खात्यात तिचं नाव प्रश्नपत्रिका पडलं. ‘सर, एका ठिकाणाहून वेग नीट मिळाला तर बाकीची तीन ठिकाणं कशाला बघायची?’ हाही तिचाच प्रश्न. मी सांगितलं होतं की गळतीची धार कोणत्या दिशेला उडते ते बाहेरून कळत नाही. आपली लाट त्या धारेच्या अगदी सरळ रेषेत पडली तरच खरा वेग मिळतो. जरा तिरकी पडली की आकडा कमी येतो. नेहमी कमीच. या मशीनची ही एक गंमत आहे, तिरकेपणाने होणारी चूक एकाच बाजूला होते. खोटं बोललंच तर ते रोग्याच्या मनासारखं बोलतं. म्हणून चारही ठिकाणांहून बघायचं आणि सगळ्यात मोठा आकडा लिहायचा. तिने ते वहीत लिहून घेऊन खाली दोन रेघा मारल्या होत्या.

ताईला हे समजावताना मी दाराचं उदाहरण दिलं होतं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, पडद्याआड झोपलेल्या खारूची आई. मी म्हणालो, हृदयाच्या उजव्या बाजूला दोन खोल्या आहेत, मध्ये दार आहे. खालची खोली आवळते आणि रक्त फुफ्फुसांकडे ढकलते, तेव्हा हे दार बंद असायला हवं. पण पुष्कळांचं ते पूर्ण लागत नाही, फट राहते, थोडं रक्त उलटं येतं. त्याचं काही नाही. प्रश्न असा, की फटीतून ते किती जोरात येतं. फुफ्फुसाच्या नळ्या मोकळ्या असतील तर सावकाश येतं. नळ्या आतून खराब होऊन आवळल्या असतील तर खालच्या खोलीला फार जोर लावावा लागतो आणि फटीतली धार सुसाट सुटते. ताई भाजी निवडत होती. ती म्हणाली, “आणि हिच्या नळ्या का खराब होतील?” मी म्हणालो, कारण हिच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि मऊ नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात, मग अडकतात, फुटतात, आणि त्यांच्यातून जे बाहेर पडतं ते नळ्यांना वर्षानुवर्षं सोसावं लागतं. त्रास काहीच नसतो. दहा वर्षं नसतो. म्हणून दर वर्षी इको करायचा, धारेचा वेग मोजायचा. सेकंदाला अडीच मीटरच्या आत असला तर निवांत. अडीचच्या वर गेला तर लक्ष ठेवायचं. तीनच्या वर गेला तर. तिथे मी थांबलो होतो. ताईनेही पुढचं विचारलं नाही. “तू वाचतोस, तू समजून घे,” ती म्हणाली. “मी तिला जेवायला घालते.” अशी आमची वाटणी झाली. आमच्या घरात वाचणारा मी एकटाच, म्हणून तो आजार वाचायचं काम माझ्याकडे आलं.

त्याआधी मी वाचनालयात कारकून होतो. ताईचा पहिला मुलगा चार वर्षांचा असताना तापाने गेला, दोन दिवसांत, आणि त्यानंतर सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं. ताई अर्धी निघाली, भावजी अर्धे, मी अर्धा. अर्धा म्हणजे आजार नाही, नुसतं वाहून नेणं. दोन अर्ध्यांच्या पोटी एखादं मूल पूर्ण निघतं. खारू तेव्हा आठ महिन्यांची होती आणि ती पूर्ण होती. मी लग्न केलं नाही त्याचं कारण हे, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर मला बायकांशी बोलताना घाम फुटायचा. पण चांगलं कारण हाताशी आल्यावर खरं कारण कोण शोधतो. वाचनालय सोडलं, इकोचं शिकलो. वयाने सगळ्यांत मोठा विद्यार्थी. हृदयावरचं मिळेल ते वाचलं. मला वाटायचं की एवढं वाचलेला माणूस तिच्या जवळ राहिला तर तिला काही होणार नाही. असं वाटणं हा मूर्खपणा आहे हेही मी वाचलेलं होतं.

खारू हे तिचं घरातलं नाव. लहानपणी काहीही दोन्ही हातांत धरून कुरतडत खायची. आता एकोणतीस वर्षांची आहे, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींचे फोन घेते, आणि अजून दोन्ही हातांत धरूनच खाते. दर वर्षी इकोला आली की टेबलावर झोपता झोपता म्हणायची, “मामा, आमच्याकडे सगळे प्रेशर कमी म्हणून रडतात. जास्त आहे म्हणून एकाचाही फोन येत नाही.” मी म्हणायचो, “गप्प पड. बोललीस की रेघ हलते.” “मग तू जोक नको करूस.” “मी कुठे केला?” “तुझं तोंडच तसं आहे.” ती आठ वर्षांची असल्यापासून तिचा प्रत्येक इको मी केला. दोन पॉइंट एक. दोन पॉइंट दोन. दोन पॉइंट दोन. दोन पॉइंट तीन. हे आकडे मला जन्मतारखांसारखे पाठ आहेत. संध्याकाळी मी ताईला फोन करायचो आणि ताई ‘हॅलो’ न म्हणता ‘किती?’ म्हणायची.

पडदा सरकला. प्रश्नपत्रिका बाहेर आली आणि तिने मागे पडदा नीट लावून घेतला. तो लावण्याची तिची पद्धत बघूनच मला उरलंसुरलं कळलं. चांगली बातमी असली की पडदा कोणी लावत नाही. “सर,” ती हळू म्हणाली, “तीन पॉइंट तीन.” मी विचारलं, “कुठून?” “तीन ठिकाणी तीनच्या वर. सगळ्यात जास्त बरगड्यांच्या मधून, तिरकं धरून.” “रेघ स्वच्छ आहे?” “स्वच्छ आहे सर. उजवी बाजू पण थोडी मोठी वाटते. मोठ्या डॉक्टरांना बोलावते, ते एकदा बघतील.” मग तिने तिचा शेवटचा प्रश्न विचारला. “सर, मागच्या वेळी किती होतं?” तिला ठाऊक होतं. रिपोर्ट तिच्या टेबलावर होता. पण तो मी केलेला होता, म्हणून तिने विचारलं, मला काही सांगायचं असेल तर जागा मिळावी म्हणून. “दोन पॉइंट चार,” मी म्हणालो. ती ‘हो’ म्हणाली.

दोन वर्षांपूर्वीची ती दुपार. मला ती नीट आठवते असं म्हणवत नाही, कारण गेल्या तासाभरात मी ती इतक्यांदा आठवली की आता तिच्यावर माझ्याच बोटांचे ठसे उमटले असतील. माझ्या निवृत्तीला पाच महिने होते. खारू आली ती लंगडत आली. दोन दिवस दुखण्याचा झटका चालू होता. त्या आजारात तो येतो, हाडांतून काचा फिरवल्यासारखं दुखतं असं ती एकदाच म्हणाली होती आणि नंतर कधी म्हणाली नाही. इकोला डाव्या कुशीवर झोपावं लागतं. डावीकडचाच खुबा. मी उशी दिली. दोन उश्या दिल्या. ती हसत होती आणि कपाळावर घामाचे थेंब होते. मी हृदयाच्या टोकाकडून बघितलं, धार सापडली, मोजली. दोन पॉइंट चार. मग बरगड्यांच्या मधून बघायला प्रोब वर नेला. तिथे काहीतरी दिसलं. एक पुसट शेपूट, नेहमीच्या रेघेच्या खाली उतरलेली, आणि या रेघेत खाली म्हणजे जास्त वेग, कडा न धरणारी, कच्च्या पेन्सिलीने काढल्यासारखी. दोन पॉइंट नऊ असेल. काही नसेलही. अशा वेळी चित्र साठवायचं, प्रोब थोडा फिरवायचा, रोग्याला श्वास सोडायला लावायचा, पुन्हा बघायचं. दहा मिनिटं जातात. खारूने डोळे मिटले होते आणि ती ओठ आत ओढून चावत होती. मी विचारलं, “फार दुखतंय?” ती म्हणाली, “तू कर रे. मी आहे.” आणि मी प्रोब उचलला. छातीवरचं जेल पुसलं. म्हणालो, “झालं.”

त्या क्षणी मी मनाशी काय म्हणालो तेही मला आठवतं, किंवा आठवतं असं वाटतं. म्हणालो, हा आवाज आहे, चित्रातला कचरा. मग म्हणालो, कचरा नसला तरी झटका चालू असताना वेग तसाही वाढतो, त्या आकड्याला अर्थ नसतो, नियमच आहे की दुखणं शमल्यावर मोजायचं. हे खरं आहे. पुस्तकात आहे. पण मग नियमाचा दुसरा अर्धा भाग असा, की महिन्या-दोन महिन्यांनी परत बोलवायचं. तेवढं एक वाक्य मी रिपोर्टवर लिहायला हवं होतं. लिहिलं नाही. लिहिलं असतं तर ताईने विचारलं असतं की परत का. दोन कारणं मी एकापुढे एक उभी केली आणि त्यांच्या आडोशाला बसून दोन पॉइंट चार लिहिलं. हाच रोगी दुसऱ्या कोणाची भाची असता तर मी चारही ठिकाणं बघितली असती, तो ओरडला असता तरी. मी कडक म्हणून प्रसिद्ध होतो. रोगी माझ्या पाठीमागे मला मास्तर म्हणायचे.

जेल पुसून ती उठून बसली आणि शर्टाची बटणं लावता लावता म्हणाली, “मामा, आम्ही बाळाचा विचार करतोय. रक्ताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय चांगलं असेल तर पुढे जाऊ. मग रक्ताच्या गोळ्या बंद कराव्या लागतील, त्या बाळाला चालत नाहीत.” तिच्या नवऱ्याचं रक्त तपासलेलं होतं, तो अर्धाही नव्हता. म्हणजे मूल पूर्ण निघण्याची भीती नव्हती. भीती फक्त तिची होती, आणि त्या भीतीचं उत्तर माझ्या हातातल्या कागदावर होतं. मी ते उत्तर दिलं. मग मी निवृत्त झालो. गेल्या वर्षी ती इकोला आलीच नाही. ताईला म्हणाली, मामा नाही तर ते थंडगार जेल कोणाकडून लावून घेऊ. आम्ही तिघं हसलो होतो. मीही हसलो. मला बरं वाटलं होतं हे सांगायला आता लाज वाटते. पाच महिन्यांपूर्वी गोळ्या थांबल्या. आता अकरावा आठवडा चालू आहे. जिने चढताना दम लागायचा तर आम्ही सगळे म्हणायचो, या दिवसांत लागतोच.

मोठे डॉक्टर येऊन पाहून गेले, तासाभराने खोलीत भेटू म्हणाले. खारू कपडे घालत होती तेव्हा प्रश्नपत्रिकेने मला खुणेने मशीनपाशी बोलावलं. “सर, जुनी चित्रं आहेत. बघायची का?” तिने ती आधीच काढून ठेवली होती. मी त्या खुर्चीत बसलो. खुर्ची तिने तिच्या उंचीप्रमाणे वर केली होती, माझे पाय जरासे लोंबत राहिले. एकेक चित्र पुढे सरकत गेलं. माझ्याच हाताने मारलेल्या खुणा. टोकाकडून घेतलेली धार, स्वच्छ, दोन पॉइंट चार, आणि तिच्यापुढे काहीच नाही. बरगड्यांच्या मधलं एकही चित्र नव्हतं. मी ते साठवलंच नव्हतं. मला वाटलं होतं की तिथे ती शेपूट असेल आणि मी दोषी ठरेन, किंवा नसेल आणि मी सुटेन. तिथे रिकामी जागा होती. ती शेपूट खरी होती की माझी भीतीच पाठीमागे जाऊन तिथे बसली आहे, हे आता जगातल्या कुठल्याही मशीनला सांगता येणार नव्हतं. प्रश्नपत्रिका माझ्याकडे बघत नव्हती. जेलची बाटली उलटी करून ठेवत होती. “झटका होता ना सर तेव्हा,” ती म्हणाली, “मग एवढंच घेता येतं.” तिला ठाऊक होतं की एवढंच घेता येतं असं काही नसतं. मीच शिकवलेलं.

बाहेरच्या लांब बोळात आम्ही बाकावर बसलो. समोरच्या भिंतीला नवा रंग दिला होता आणि बाकांवर अजून त्याचे शिंतोडे होते. खारू नखाने एक शिंतोडा खरवडत होती. “तीन पॉइंट तीन म्हणजे वाईट ना?” ती म्हणाली. “तू मला लहानपणी सांगितलं होतंस. तीनच्या वर गेला तर, आणि मग तू पाणी प्यायला उठला होतास.” मी म्हणालो, “खारू, मला एक सांगायचंय.” “आत्ता?” “आत्ताच. डॉक्टरांकडे जायच्या आधी.” आणि मी सांगितलं. वाईट सांगितलं. मध्येच रेघेचा तिरकेपणा समजावू लागलो, मध्येच झटक्याचा नियम. ती खरवडायची थांबली.

“म्हणजे तेव्हाच जास्त होतं?”

“माहीत नाही. असेल.”

“पण तू बघितलंस.”

“काहीतरी बघितलं.”

“आणि पुसलंस.”

“साठवलं नाही.”

“मामा, पुसलंस म्हण.”

“पुसलं.”

एक ट्रॉली खडखडत गेली. ती जाईपर्यंत खारू थांबली. तक्रारीच्या फोनवर बसून तिला ही सवय लागली आहे, गोंगाट सरल्याशिवाय पुढचं वाक्य बोलायचं नाही. “तेव्हा मी तुला बाळाचं विचारलं होतं. तू काय म्हणालास आठवतंय?”

“चांगलं आहे म्हणालो.”

“घोड्यासारखं आहे म्हणालास. मी घरी जाऊन नवऱ्याला तसंच सांगितलं. हा चार दिवस टेबलावर टापा वाजवून मला चिडवत होता.” ती हसेल असं मला वाटलं. तोंड तसं झालंही होतं. “का रे पण?”

“तुला दुखत होतं.”

“मला नेहमीच दुखतं, मामा.”

तिचं बोलणं शांत होतं, आणि इतक्या वर्षांत मी हे कुठल्याच पुस्तकात वाचलं नव्हतं. तिने दुखण्याला आपल्या घरात एक खोली देऊन टाकली होती आणि ती बाकीच्या खोल्यांत राहत होती. मी मात्र तिचं दुखणं दिसलं की दार ओढून घेत होतो आणि त्याला माया म्हणत होतो. माया होतीच. नव्हती असं नाही. पण त्या दुपारी नेमकं कोणाचं दुखणं थांबावं म्हणून मी प्रोब उचलला, हे मी तिच्याकडे बघत मनातल्या मनात विचारत होतो, आणि उत्तर येण्याआधीच तिचं नाव पुकारलं गेलं.

मी सवयीने उठलो. गेली एकवीस वर्षं प्रत्येक डॉक्टरच्या प्रत्येक खोलीत मी तिच्याबरोबर आत गेलो आहे, डॉक्टर माझ्याशीच बोलतात, मी मान हलवतो, ती माझ्या चेहऱ्याकडे बघते. ती म्हणाली, “तू बाहेर बस.”

दार लागलं. मी बाकावर बसलो. आतलं काही ऐकू येत नव्हतं, फक्त मोठ्या डॉक्टरांचा खालचा सूर, आणि मधून मधून तिचा. तिचा आवाज बराच वेळ चालू होता. ती प्रश्न विचारत होती. तिला इतके प्रश्न असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. जुना शिपाई जाता जाता थांबला. “मास्तर! तुम्ही आणि बाहेर? आत कोण चुका काढणार मग?” मी हसलो. तोही हसून गेला. मला आठवलं की माझ्या हाताखालच्या एका मुलाने एकदा अशीच घाई केली होती, एका म्हातारीच्या बाबतीत, आणि मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो होतो, दया येत असेल तर देवळात जाऊन बस, इथे येऊ नकोस. तो मुलगा रडला होता. त्याचं तोंड मला आठवेना. किती वर्षांनी मला त्याचं तोंड बघावंसं वाटलं.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. बसली नाही. “सोमवारी नळी घालून बघणार आहेत, थेट हृदयापर्यंत. इको म्हणजे अंदाज, म्हणाले. नळीने नक्की कळेल. बाळाला जपून करतात.” “आणि तेवढंच निघालं तर?” “तर बाळ ठेवणं,” ती म्हणाली, आणि वाक्य तिथेच सोडलं, नेमकं तिथेच, जिथे आमच्या घरातली सगळी वाक्यं सुटतात. मग तिने ते परत उचललं. मला ते अपेक्षित नव्हतं. “तर बाळ ठेवणं माझ्या जिवावर बेतेल. आणि न ठेवायचं तर आता फार दिवस नाहीत. असं म्हणाले. मी त्यांना म्हटलं, स्पष्ट सांगा, मी मोठी आहे. ठरवणार मी. हा शुक्रवारी येतोय, त्याला समोर बसवून सांगीन.” मग ती बसली. श्वास जरा वर होता. मी बाटली पुढे केली. ती दोन्ही हातांत धरून पाणी प्यायली, आणि मला एकाएकी ती आठ महिन्यांची दिसली, आणि लगेच दिसेनाशी झाली.

“आईला यातलं काही सांगायचं नाही,” ती म्हणाली. “आकडा सांग. सोमवारचं सांग. तुझं सांगायचं नाही.”

“ती विचारेल.”

“विचारू दे. नाही म्हण.”

“खारू, मला ते जमणार नाही. मी तिला अजून एकदा—”

“जमव.” ती माझ्याकडे वळली. “तुला मोकळं व्हायचं होतं, ते माझ्यापाशी झालास. आता बस झालं. पुढे काय होईल मला माहीत नाही. काही झालं तर हा पहिला कोसळेल. बाबा नाहीत. आईला टेकायला उरलास तू एकटा. तूही मोडका निघालास तर ती कुठे टेकेल?”

“तू मला माफ केलंस का?”

विचारता क्षणीच मला कळलं की हे विचारायला नको होतं. तिने बाटलीचं झाकण लावलं. घट्ट लावलं. “मला आत्ता वेळ नाही रे त्याला,” ती म्हणाली. तिचा सूर चिडका नव्हता. तक्रार ऐकली आहे, नोंद घेतली आहे, माणूस केव्हा येईल सांगता येत नाही, असा होता. मग तिने पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला. फोन दोनदाच वाजला.

“किती?” ताई म्हणाली.

मी सांगितलं. तीन पॉइंट तीन. नळीचं सांगितलं, सोमवारचं सांगितलं. इको म्हणजे अंदाज, हेही सांगितलं. ताई ऐकत होती. पलीकडे तिच्या स्वयंपाकघरातला नळ चालू होता, तो तिने बंद केला. तिला आकडे कळत नाहीत असं ती म्हणते, पण तीनच्या वरचं ते अर्धं वाक्य तिनेही एवढी वर्षं सांभाळून ठेवलं असणार.

“मला एक सांग,” ती म्हणाली. “दोन वर्षांपूर्वी होतं का रे हे? तेव्हा काही होतं का?”

खारू समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिने मान हलवली नाही, खूण केली नाही. तिला माझी खात्री होती की नव्हती ते माझ्या बाजूच्या तिच्या गालावरून कळत नव्हतं.

“नाही ताई,” मी म्हणालो. “तेव्हा नव्हतं.”

माझा आवाज अगदी नेहमीसारखा आला. दर वर्षी संध्याकाळी यायचा तसा. ताईने श्वास सोडला.

“मग झालं तर,” ती म्हणाली. “तू बघितलं होतंस म्हणून मला काळजी नाही. दुसऱ्या कोणी बघितलं असतं ना, तर मला जन्मभर वाटत राहिलं असतं की नीट बघितलं नसेल. ऐकतोयस ना रे?”

“हो,” मी म्हणालो. “ऐकतोय.”